करारस्वातंत्र्य आणि दख्खनचा शेतकरी



इसवी सन १८७५ च्या मे महिन्याची बारा तारीख. पुणे जिल्ह्यातील तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात सुपे म्हणून मोठे गाव आहे. तेथे त्या दिवशी बाजार भरला होता. आसपासच्या खेड्यापाड्यांतून आलेली कुणबी मंडळी बाजारहाट आटोपून घरोघर जावयाची, ती त्या दिवशी गेली नाहीत. ती सावकारांच्या घरांकडे व दुकानांकडे वळली. पुढे काही आठवडे पुणे आणि अहमदनगर ह्या दोन जिल्ह्यांतील अनेक गावी तोच प्रकार घडला. ह्या दंग्यांत एक गोष्ट मोठी लक्षात घेण्यासारखी आहे. जमावाने मनुष्यहत्या जवळजवळ केलीच नाही. जमाव दारात येऊन उभा राही व एकच वस्तू मागे. ती म्हणजे खते, कर्जरोखे आणि हुकूमनामे. कागद मिळाले म्हणजे त्यांची होळी होई आणि लोक पांगत. जेथे सावकाराने कागद दिले नाहीत, तेथे मारहाण व लूट झाली. पुढे साडेनऊशेंच्या आसपास माणसे पकडली गेली व त्यांतील निम्म्यांहून अधिकांस शिक्षा झाल्या.

दंगा म्हटला की माणूस धान्य लुटतो, पैका लुटतो, वैर साधतो. येथे लोकांनी कागद जाळले. हा कागद एवढा भयंकर कशाने झाला, ह्या प्रश्नाचा शोध घेत गेले असता आपण सुप्याच्या बाजारातून निघून थेट स्कॉटलंडातील एका प्राध्यापकाच्या ग्रंथापर्यंत जाऊन पोहोचतो. त्या वाटेने आज आपणांस माझ्याबरोबर यावयाचे आहे.

मी पेशाने शाळामास्तर. अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. परंतु आमच्या घरी एका जुन्या पेटीत दोन खते आहेत. एक १८७२ सालचे, दुसरे १८८३ सालचे. दोहोंच्या खाली आमच्या खापरपणजोबांच्या सहीच्या जागी नांगराचे चित्र काढलेले असून त्याच्या बाजूस ‘निशाणी नांगराची’ असे दुसऱ्याच्या हातचे अक्षर आहे. त्या दोन कागदांमुळे मला ह्या विषयाची गोडी लागली. त्यांच्याकडे मी शेवटी येईन.

अ‍ॅडम स्मिथ ह्या गृहस्थाचा ‘राष्ट्रांची संपत्ती’ हा ग्रंथ १७७६ साली प्रसिद्ध झाला. ग्लासगो येथील विद्यापीठात नीतिशास्त्र शिकविलेला हा विद्वान. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, प्रत्येक मनुष्यास स्वतःचे हित सरकारपेक्षा अधिक चांगले कळते. त्याला आपल्या श्रमाचा, मालाचा व पैशाचा विनियोग आपल्या मताने करू द्यावा. मक्ते, परवाने आणि नाना प्रकारचे निर्बंध ह्यांनी धनवान व राजदरबारी वजन असलेले लोक मात्र पुष्ट होतात, आणि गरिबाचा तोटा होतो. हे तत्त्व श्रीमंतांच्या बाजूचे होते असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. तो खरा नव्हे. त्या काळी सरकारी निर्बंध म्हणजे बहुधा बड्या लोकांच्या सोयीचे निर्बंध असत. आपल्या ईस्ट इंडिया कंपनीवर स्मिथने जे कोरडे ओढले आहेत ते आपल्याकडील कोणा देशभक्तानेही क्वचित ओढले असतील. बंगालच्या १७७० च्या दुष्काळात कंपनीच्या नोकरांनी तांदळाच्या व्यापारात जी ढवळाढवळ केली तिने महागाईचा दुष्काळ झाला असावा, असे त्याने स्पष्ट लिहून ठेविले आहे. पुढे १८४६ साली इंग्लंडात परदेशी धान्यावरील जकातीचे कायदे रद्द झाले ते ह्याच मताच्या जोरावर. तेथील जमीनदारांच्या लाभासाठी गिरणीतल्या मजुराची भाकरी महाग ठेवणारा तो कायदा होता.

आता व्याजाची गोष्ट. खुल्या बाजाराचा हा आद्य आचार्य व्याजाच्या बाबतीत मात्र पूर्ण मोकळीक देण्यास तयार नव्हता. इंग्लंडात त्या वेळी शेकडा पाच ही व्याजाची कायदेशीर कमाल मर्यादा होती, आणि ती असावी असेच स्मिथचे मत होते. मर्यादा फार वर नेली, तर उधळ्यांच्या व हवेत किल्ले बांधणाऱ्यांच्या हाती पैसा जाईल, अशी त्याची भीती. त्याच्यापुढे एक पाऊल टाकले ते जेरेमी बेंथमने. त्याने १७८७ साली व्याजखोरीच्या समर्थनार्थ पत्ररूपाने एक छोटेसे पुस्तक लिहून विचारले की, शहाण्या, वयात आलेल्या माणसाने आपल्या मर्जीने कबूल केलेला दर सरकारने का मोडावा? वाद मोठा चुरशीचा होता आणि शेवटी शिष्याची सरशी झाली. इंग्लंडातील व्याजाचे निर्बंध १८५४ साली रद्द झाले. पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, हिंदुस्थानातील निर्बंधही गेले. लंडनच्या पेढीवाल्यांसाठी केलेला विचार अवघ्या एका वर्षात भीमथडीच्या कुणब्यास लागू झाला.

त्यापूर्वी आपल्याकडे काय होते? रामराज्य नव्हते, हे आधी सांगून टाकतो. पेशवाईतही सावकार होते, कर्जे होती, तगादे होते, दारात धरणे धरून बसणे होते. परंतु सावकाराच्या पाठीमागे आजच्यासारखे न्यायालय उभे नसे. गावची पंचायत बसे. ती माणसे ओळखीची असत. आणि व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करू नये हा दामदुपटीचा नियम धर्मशास्त्राने घालून दिलेला होता. सावकारालाही हे ठाऊक असे की कुळ मेले तर आपणही बुडालो. तेव्हा तो पीक येईपर्यंत थांबे. एल्फिन्स्टनसाहेब जाणता माणूस होता. पंचायती शक्यतो चालू ठेवाव्या असे त्याचे धोरण होते, आणि त्याच्या कारकिर्दीत १८२७ साली मुंबई इलाख्यासाठी जे कायदे झाले त्यांत शेकडा बारांहून अधिक व्याज न्यायालयांनी मान्य करू नये असे ठरले होते.

परंतु त्याच सुमारास पुस्तकातील सिद्धांत जमिनीवर उतरविण्याची हौसही ह्या मुलखात सुरू झाली होती. तिचा पहिला प्रयोग प्रिंगल नावाच्या तरुण अधिकाऱ्याने केला. कंपनीचे मुलकी अधिकारी इंग्लंडात हेलिबरी येथे तयार होत व तेथे त्यांना अर्थशास्त्र शिकवावयास प्रत्यक्ष माल्थस होता. खंडाच्या नव्या सिद्धांताने भारलेल्या ह्या प्रिंगलने १८३० च्या सुमारास पुणे प्रांताची पाहणी केली. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे एकंदर उत्पन्न काढले, त्यातून लागवडीचा खर्च वजा केला, आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे शेकडा पंचावन्न सरकारचे असे ठरविले. हिशेब कागदावर बिनचूक होता. प्रत्यक्षात आकार इतका जड झाला की वसुली थकली, जमिनी पड राहिल्या, कित्येक कुळे मुलूख सोडून निजामाच्या हद्दीत गेली. मग १८३५ साली इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड व विंगेट ह्यांनी नव्याने मोजणी करून बराच हलका व तीस वर्षे न बदलणारा आकार बसविला. ह्या मोजणीने रयतेस आणखी एक देणगी दिली: जमीन आता तिच्या नावे झाली, तिला ती विकता येईल, गहाण टाकता येईल. उदारमतवादाचे हे खरेखुरे दान होते, ह्यात शंका नाही. परंतु ज्याला विकता येते त्याच्याकडून विकत घेताही येते. सावकाराला पूर्वी कुळाच्या पिकाचाच काय तो भरवसा असे. आता तारणास जमीन मिळाली. नव्या न्यायपद्धतीत सावकाराचे बळ कसे वाढले आहे ह्याविषयी खुद्द विंगेटनेच १८५२ साली सरकारला सावध केले होते.

ह्यानंतर १८५९ सालचा मुदतीचा कायदा आला. त्याची कथा मी वर्गात पुष्कळ वेळा सांगत असे, कारण हेतू चांगला असून परिणाम विपरीत कसा होतो ह्याचे इतके ठळक उदाहरण क्वचित सापडते. जुनी, विसरलेली खते काढून सावकाराने कुळास नाडू नये म्हणून सरकारने नियम केला की, साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावला पाहिजे. पूर्वी ही मुदत पुष्कळ लांब होती. आता सावकार दर तीन वर्षांनी कुळाच्या दारात येऊन उभा राहू लागला: दावा लावू, की नवे खत करून देतोस? कुळ नवे खत करून देई. त्यात मागचे व्याज मुद्दलात मिळविलेले असे.

ह्याचे गणित करून पाहू. शंभर रुपये, दरमहा शेकडा दोन रुपये व्याज, म्हणजे वर्षास चोवीस. तीन वर्षांनी व्याज बहात्तर; नवे खत एकशे बहात्तरांचे. सहा वर्षांनी ते दोनशे शहाण्णवांच्या आसपास जाते आणि नवव्या वर्षी पाचशे आठ ओलांडते. दामदुपटीच्या नियमाने शंभराचे दोनशेच्या वर कधी घेता आले नसते. परंतु नियम मोडला असे कोठेच दिसत नाही, कारण प्रत्येक खतात मुद्दल नवे आहे! न्यायाधीशासमोर खत येई; सही किंवा निशाणी कबूल आहे ना, एवढेच विचारले जाई; कुळ बहुधा हजरही नसे, आणि एकतर्फी हुकूमनामा होई. न्यायाधीशाचा दोष म्हणावा तर तसे नाही. दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने केलेला करार तडीस नेणे हेच आपले काम, असे त्याला शिकविलेले होते.

१८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी माजली, तेथील कापूस बंद झाला आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार आपण होऊन कर्ज देऊ लागले, कुळे घेऊ लागली. युद्ध संपले, भाव कोसळले, मुंबईत शेअरवाले बुडाले ते सर्वांस ठाऊक आहे. दख्खनच्या खेड्यात काय झाले ते फार थोड्यांस. तीस वर्षांची मुदत संपून १८६७ साली इंदापूर तालुक्यात नवा आकार बसला, तो जुन्याच्या दीडपटीच्या आसपास. पाठोपाठ इतर तालुक्यांतही वाढ झाली. पुढे सावकारांनीही हात आखडता घेतला आणि मग सुप्याचा बाजार भरला. जमावाचा रोष मुख्यतः परप्रांतातून येऊन स्थायिक झालेल्या सावकारांवर होता. परंतु हा एखाद्या जातीचा दोष मानणे अन्यायाचे होईल. त्यांतील पुष्कळ जण शहरातील बड्या पेढ्यांचे स्वतःच ऋणको होते, आणि ज्या मुलखात तीन वर्षांत एकदा पाऊस दगा देतो तेथे सारा भरण्यास पैसे देणारा त्यांच्यावाचून दुसरा कोणीही नव्हता.

चौकशीसाठी आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १८७६ साली आला, आणि तो येतो न येतो तोच त्या सालचा भीषण दुष्काळ येऊन ठेपला. त्यातही हेच तत्त्व धान्याच्या रूपाने पुन्हा पुढे उभे राहिले. व्हाइसरॉय लिटन ह्यांनी धान्यव्यापारात सरकारने हात घालू नये असा सक्त दंडक घातला. देशात माणसे मरत असता गहू परदेशी जातच राहिला. सर रिचर्ड टेंपल ह्यांनी १८७४ साली बिहारात ब्रह्मदेशचा तांदूळ आणून माणसे वाचविली होती आणि त्याबद्दल उधळपट्टीचा ठपका घेतला होता. तेच टेंपल १८७७ साली इकडे आले ते काटकसर शिकून: दुष्काळी कामावरील पुरुषास एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. मुंबई इलाख्यातील मजुरांनी कामेच सोडून दिली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने अर्जामागून अर्ज केले. स्मिथने मक्तेदाराविरुद्ध परजलेले शस्त्र शंभर वर्षांनी उपाशी माणसावर चालले, असे मला हा इतिहास वाचताना नेहमी वाटत आले आहे. परंतु हे माझे मत झाले. व्यापार खुला असता तर धान्य आपोआप येते असे म्हणणाऱ्यांस मी एवढेच विचारीन की, धान्य भाव पाहून येते. ज्याच्या कनवटीस पैसा नाही त्याची भूक बाजाराला दिसावी कशी?

पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या मदतीचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर हे चार जिल्हे त्याखाली आले. करार पवित्र मानणाऱ्या मंडळींस त्याने मोठाच धक्का दिला. न्यायाधीशाने केवळ खतावर विसंबू नये. व्यवहार पहिल्यापासून उकलावा. मुद्दल व व्याज निरनिराळे लिहावे आणि व्याजाचे मुद्दल झालेले असेल तर ते मुद्दलात धरू नये. पैशाच्या कर्जासाठी शेतकऱ्यास कैदेत टाकू नये. दाव्याची मुदत वाढवावी. हप्ते बांधून द्यावे. आणि शेतकऱ्याचे खत गावच्या नोंदणी-कामगारासमोर व्हावे. इंग्रजी राज्यात, इंग्लंडात करारस्वातंत्र्याचा डंका वाजत असताना, हिंदुस्थानातील चार जिल्ह्यांत सरकारनेच कबूल केले की दोन माणसांच्या सह्या एका कागदावर असल्या म्हणून ती दोन माणसे बरोबरीची होत नाहीत.

त्या वेळी महाराष्ट्रात निरनिराळ्या विचारांचे लोक ह्याच दुखण्यावर निरनिराळी औषधे सांगत होते. विष्णुबुवा ब्रह्मचारी ह्यांनी १८६७ साली ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ लिहिला. सर्व प्रजा एक कुटुंब, जमीन सर्वांची, धान्य गावच्या कोठारात, ज्याला जेवढे लागेल तेवढे त्याने न्यावे, अशी त्यांची रचना. तिकडे जर्मनीत कार्ल मार्क्सच्या ‘भांडवल’ ह्या ग्रंथाचा पहिला खंड त्याच वर्षी निघाला. बुवांस त्याची वार्ता असण्याचा संभव नाही. बुवांच्या राज्यात खतही नाही आणि सावकारही नाही. मात्र कोठाराची किल्ली ज्याच्या हाती त्याने ती वापरताना भूतदया सोडली तर काय करावयाचे, ह्याचे उत्तर त्यांनी राजाच्या सद्गुणांवर सोपविले आहे. पुढे विसाव्या शतकात मोठमोठ्या राष्ट्रांनी हा प्रयोग केला तेव्हा नेमका हाच प्रश्न आडवा आला. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यांचे निदान वेगळे: सावकार, कामगार व कुलकर्णी ह्यांस शेतकऱ्यास लुबाडता येते ते तो अज्ञानात ठेवला गेला म्हणून. बंधारे घाला, तलाव बांधा, आणि आधी त्याच्या मुलांस शिकवा. सर्व मतांमध्ये निशाणीच्या जागी सही आली पाहिजे असे रोखठोक म्हणणारा मनुष्य मला हाच दिसतो. शाळामास्तर असल्याने मी त्यांच्या बाजूस थोडा झुकत असेन, ते श्रोत्यांनी समजून घ्यावे.

न्यायमूर्ती रानडे ह्यांची गोष्ट मात्र सावकाश सांगितली पाहिजे. १८८१ पासून पुढे कित्येक वर्षे ते ह्याच कायद्याखालील न्यायालयांची तपासणी करीत पुणे-सातारा भागात हिंडत होते, आणि पुढे त्या कायद्याखालील खास न्यायाधीशाची जागाही त्यांजकडे आली. त्यांचे अर्थशास्त्र केवळ ग्रंथांतून आलेले नव्हते. कचेरीत ढिगाने येणाऱ्या खतांतूनही आले होते. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी हिंदी अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले त्यात त्यांनी इंग्रजी अर्थशास्त्राच्या मुळाशीच हात घातला. ते शास्त्र एक विशिष्ट मनुष्य गृहीत धरते: स्वतःचे हित जाणणारा, एका धंद्यातून दुसऱ्यात सहज जाणारा, करारास मोकळा. आपल्या देशात व्यक्तीपेक्षा कुटुंब व जात बलवत्तर. श्रम आणि भांडवल दोन्ही जागची न हलणारी. आणि कराराऐवजी जन्माने ठरलेला दर्जा. तेव्हा ते नियम येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. ह्याला आधार म्हणून त्यांनी जर्मन पंडित फ्रीड्रिख लिस्ट ह्याचा दाखला घेतला. लिस्टचे म्हणणे १८४१ च्या ग्रंथात आहे ते असे की, इंग्लंड जकातींच्या व संरक्षणाच्या शिडीने वर चढले आणि वर पोहोचताच शिडी ढकलून देऊन इतरांस खुल्या व्यापाराचा उपदेश करू लागले. रानडे समाजसत्तावादी नव्हते. खाजगी मालमत्ता व उद्योग ह्यांवर त्यांची श्रद्धा होती. सरकारने सर्व काही करावे असे नव्हे, तर जेथे व्यक्ती अजून उभी नाही तेथे तिला उभे राहण्यास हात द्यावा, असा त्यांचा मध्यम मार्ग.

परंतु ह्या कथेत पुढे एक वळण येते. रानडे १९०१ च्या जानेवारीत निवर्तले. त्याच वर्षी मुंबई सरकारने जमीन-महसुलाच्या कायद्यात एक दुरुस्ती आणली: साऱ्याच्या थकबाकीमुळे सरकारजमा झालेली जमीन पुन्हा शेतकऱ्यास द्यावयाची ती विक्री-गहाणाचा हक्क काढून घेऊनच. हेतू तोच, सावकाराच्या हाती जमीन जाऊ नये. परंतु कायदेमंडळात ह्या सुधारणेस कडाडून विरोध केला तो सर फिरोजशहा मेहता व रानड्यांचे पट्टशिष्य गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी. आणि विरोध व्यर्थ होतो असे पाहून ते सहकाऱ्यांसह सभागृह सोडून गेले. गुरू ज्या स्वातंत्र्याची मर्यादा दाखवीत होते त्याचाच शिष्याने कैवार घेतला, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. पण त्यांचा मुद्दा असा की, कर्ज मिळण्याची दुसरी सोय न करता तारण ठेवण्याचा हक्क मात्र काढून घेतलात तर शेतकरी जगेल कशावर? शिवाय ज्या सरकारने सारा जड केला, तेच सरकार रयतेचे पालक म्हणून तिचा हक्क काढून घेते, ह्याची चीडही त्यात होती. पालकाने नाबालगाच्या नावाने सही करावी आणि त्या निमित्ताने मालमत्ताही आपल्या ताब्यात ठेवावी, असे आपल्याकडे भाऊबंदकीत घडते. राज्यकारभारातही ते घडू शकते.

दुसऱ्या सोयीचा प्रश्न खराच होता. १८७९ च्या कायद्यानंतर सावकार गहाणखताऐवजी खरेदीखत मागू लागले; मनात गहाण, कागदावर विक्री. कित्येकांस कर्ज मिळेनासे झाले. पुण्यास जिल्हा न्यायाधीश असलेल्या विल्यम वेडरबर्न ह्यांनी पुरंदर तालुक्यासाठी एका शेतकी पेढीची योजना आखली होती. लॉर्ड रिपन ह्यांच्या सरकारने ती उचलून धरली, परंतु विलायतेत ती नामंजूर झाली. मग जर्मनीतील राइफाइझेनच्या पतपेढ्यांचा कित्ता गिरवून १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला. सहकार म्हणजे ना निव्वळ खुला बाजार, ना सरकारी कोठार. बाजारात एकट्याने उभे राहता येत नाही म्हणून अनेकांनी मिळून उभे राहावे, ही त्याची युक्ती. ती सावकाश फळली. १९५१-५२ साली रिझर्व्ह बँकेने केलेल्या ग्रामीण कर्जाच्या पाहणीत शेतकऱ्यांच्या एकंदर कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा शेकडा ३.१ भरला, सरकारचा ३.३, आणि सावकारांचा सुमारे सत्तर. हे आकडे काढणाऱ्या समितीवर पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते. विठ्ठलराव विखे-पाटील ह्यांच्या पुढाकाराने लोणी येथे जो शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना निघाला, त्याचे पहिले अध्यक्षही गाडगीळच. हा कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला तो अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात. पंचाहत्तर वर्षांपूर्वी खतांच्या होळ्या जेथे झाल्या होत्या त्याच मुलखात.

स्वातंत्र्यानंतर आपल्या देशाने बराच काळ नियोजनाची व परवान्यांची वाट धरली. १९६९ साली चौदा मोठ्या बँका सरकारने ताब्यात घेतल्या, तेव्हा खेड्यात कर्ज पोहोचविणे हे त्याचे एक प्रमुख कारण सांगितले गेले, आणि ते काही अंशी पोहोचलेही. पण १९८० च्या सुमारास पुणे जिल्ह्यातच, चाकण येथे, कांद्याच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांचे पुढारी शरद जोशी ह्यांची तक्रार अगदी उलट होती. सरकार निर्यात अडविते, भाव पाडते, शहरातल्या ग्राहकासाठी शेतकऱ्याची मिळकत कापते. आम्हांस मदत नको, बाजार मोकळा करा! स्मिथने धान्यावरील निर्बंधांविषयी जे लिहिले होते ते हजारो मैलांच्या अंतरावर व दोन शतकांनी एका कांदा-उत्पादकाच्या तोंडी आले. सुप्याच्या कुणब्यास करार मोडणारे सरकार हवे होते, चाकणच्या शेतकऱ्यास बाजारातून बाहेर पडणारे. ह्या दोघांत विरोध आहे असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. मला मात्र दोघांची तक्रार एकच वाटते. तराजू दुसऱ्याच्या हाती आहे, ही.

१९९१ नंतर पुन्हा खुल्या बाजाराचे वारे वाहू लागले, तरीही २०१४ साली महाराष्ट्रात सावकारीच्या नियमनाचा नवा कायदा झाला. कर्जापोटी सावकाराने खरेदीखताच्या नावाखाली घेतलेली जमीन चौकशी करून परत करण्याची तरतूद त्यात आहे. कागदाच्या मागे जाऊन व्यवहार पाहावा, हा १८७९ सालचाच विचार.

आता ती पेटी. १८७२ सालचे खत जाळावयास कोणी कसे नेले नाही, हे घरात कोणासच सांगता येत नाही; बहुधा ते फेडून परत घेतलेले असावे, कारण ते उभे फाडून पुन्हा चिकटविलेले आहे. त्यावर मजकूर सहा ओळींचा, मग साक्षी, मग नांगर. १८८३ सालचे खत नोंदणी-कामगारासमोर झालेले आहे. मजकूर दुपटीने मोठा, मागचा हिशेब वेगळा लिहिलेला, आणि शेवटी एक ओळ अधिक: खत वाचून दाखविले, समजले म्हणतो. त्याखाली तोच नांगर, थोडा वाकडा, कारण तोवर खापरपणजोबा म्हातारे झाले होते. व्याजाचा दर दोन्ही खतांत एकच आहे, दरमहा शेकडा दोन.